करंगळीचा कौल

कॅमेऱ्याच्या दुकानात जायचं तर पितृपक्षात जावं. नवी वस्तू घ्यायला तो पंधरवडा वर्ज्य, त्यामुळे दुकानात चिटपाखरू नसतं आणि दुकानदार माश्या मारण्याऐवजी माश्यांवर ऑटोफोकस तपासत बसलेला असतो. हाच माणूस दसऱ्याच्या आदल्या दिवशी काचेमागचा कॅमेरा काचेमागूनच दाखवतो आणि ‘घेणार असाल तर काढतो’ म्हणतो. पितृपक्षात मात्र तो आपणहून खोकी उघडतो, स्वतःची चार्ज केलेली बॅटरी घालतो, सत्तर-दोनशेची लेन्स लावून हातात देतो, वर पोऱ्याला चहा सांगतो. त्या दिवसांत दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येकजण न घेण्यासाठीच आलेला असतो. हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असल्यामुळे बोलणं फार मोकळेपणाने होतं.

तिथे भेटणारी आमची जमात चटकन ओळखू येते. बँकेत, आयटीत, कॉलेजात, एलआयसीत नोकरी; शनिवार-रविवारी खांद्याला बॅग; खिशात लेन्स पुसायचं मऊ कापड, ज्याने चष्मा पुसायला सख्ख्या भावालाही मिळत नाही. फोटोग्राफीतून आजवर एक रुपया सुटलेला नसतो आणि सुटेल अशी भीतीही नसते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या धंदेवाइकाचं बरं असतं. दोन सीझनमध्ये बॉडी वसूल होते की नाही, एवढाच त्याचा सवाल. त्याच्या कॅमेऱ्याचं रबर सुटलेलं असतं, ते त्याने काळ्या चिकटपट्टीने बसवलेलं असतं, आणि मॉडेल कोणतं म्हणून विचारलं तर त्याला कॅमेरा वळवून बघावा लागतो. आम्हाला आमचं तर पाठ असतंच, त्याचंही असतं.

आमची खरी पंचाईत अशी की जुना कॅमेरा बिघडत नाही. मिक्सर जळतो, फ्रीज गार करायचं सोडतो, स्कूटर एक दिवस चढावर मान टाकते. मग नवं घ्यायला घरात कोणाची ना नसते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर मात्र चालतच राहतो. त्याचं शटर लाखभर वेळा उघडझाप करील, असं कंपनीच सांगते. हौशी माणूस आठवड्याला एक रविवार या गतीने लाखापर्यंत पोचायचा म्हणजे त्याला पेन्शन सुरू होते.

म्हणून मग खोट शोधावी लागते.

पहिली आणि सगळ्यात सोयीची खोट म्हणजे नॉइज. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर, कानठळ्या बसवणाऱ्या ढोलताशांच्या मधोमध उभे राहून आम्ही एकमेकांना कॅमेऱ्याचा पडदा दाखवतो आणि घसा फोडून ओरडतो, ‘नॉइज फार आहे रे!’ अंधारात आयएसओ चढवला की फोटोत रवा पडतो, हे खरंच आहे. वडिलांच्या काळी फिल्मवर असाच दाणा दिसला की त्याला कलात्मक म्हणत. पण वडिलांच्या काळी कॅमेरा बदलण्याचा विचारच कोणी करत नसे. आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, बडोद्यात तयार झालेला. १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. त्याच्यावर फिरवण्यासारखं फारसं काही नव्हतंच, त्यामुळे फिरवायचं राहून गेलं असंही होत नसे. बारा फोटोंत एक मुंज, एक महाबळेश्वर आणि शेवटचा ‘रोल संपवायचा म्हणून’ काढलेला आजीचा. पुढे हार घालून भिंतीवर लागला तो तोच.

दुसरी खोट सेन्सरच्या मापाची. आमच्या कॅमेऱ्यांत बहुधा एपीएस-सी सेन्सर असतो, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा; त्यालाच क्रॉप म्हणतात. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४. हे ३६ बाय २४ काही वेदांत सांगितलेलं नाही. जर्मनीत लाइट्झ कंपनीत ओस्कार बारनाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वाहून नेणं झेपेना, म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, सिनेमाच्या दुप्पट चौकट धरली आणि कोटाच्या खिशात मावेलसा कॅमेरा केला. तोच लायका, १९२५ मध्ये बाजारात आला. म्हणजे आज ज्याला आम्ही फुल फ्रेम म्हणून डोक्यावर घेतो, तो दमेकऱ्याचं ओझं हलकं करण्यासाठी निघालेला आकार. शंभर वर्षांनी त्याच आकारापायी दीड किलोची लेन्स गळ्यात अडकवून धडधाकट माणसं सिंहगड चढताना धापा टाकतात.

फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त भरतं. तेवढाच प्रकाश जास्त. आता कॅमेऱ्याबरोबर फुकटात आलेली किट लेन्स घ्या. लांबच्या टोकाला तिचं भोक ५.६ च्या पुढे उघडत नाही. तिच्याऐवजी ५० मिलिमीटरची १.८ वाली साधी प्राइम लावली, की जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. म्हणजे लाख-दीड लाखात सव्वादोन पट आणि दहा-बारा हजारांत दहा पट. हा हिशेब पाचवीतल्या पोरालाही सुटेल. आम्हालाही सुटतो, पटत तेवढा नाही. लेन्स घेतली तर ‘नवा कॅमेरा घेतला’ असं ऑफिसात सांगता येत नाही.

मेगापिक्सेलचंही तसंच. चोवीसचे पंचेचाळीस झाले की दुप्पट झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात फोटोची प्रत्येक बाजू सदतीस टक्क्यांनी वाढते, कारण आकडा क्षेत्रफळाचा असतो आणि डोळा बाजू बघतो. आठ बाय बाराचं चांगलं प्रिंट काढायला साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. प्रिंट काढतो कोण? फोटो जातो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एचडीचं बटण दाबायचं राहिलं की व्हॉट्सॲप त्याचं वजन उतरवून दोनेक मेगापिक्सेलवर आणतं, आणि आत्या त्यावर गुलाबाचं फूल टाकते. आत्या गुलाब बारा मेगापिक्सेललाही टाकत असे.

पण हे सगळं दुकानात किंवा यूट्यूबसमोर आठवत नाही. तिथे कुठल्या तरी थंड देशातला एक दाढीवाला गृहस्थ विटांच्या भिंतीचा फोटो काढतो, चारशे टक्के मोठा करतो आणि डाव्या कोपऱ्यातली वीट उजव्या कोपऱ्यातल्या विटेपेक्षा किंचित मऊ आहे असं दुःखाने सांगतो. त्यानंतर आपल्यालाही आपल्या लेन्सचे कोपरे तपासल्यावाचून झोप लागत नाही. आता पुण्यात गिलावा न केलेली विटांची भिंत मिळणं सोपं नाही. मी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीसमोर ट्रायपॉड लावला. एफ चार, एफ ५.६, एफ आठ असे फोटो चालू होते. वॉचमन खुर्चीतून उठला, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत भिंतीकडे बघितलं आणि मोबाइल काढून हळू आवाजात म्हणाला, ‘शेठ, लवकर या. कार्पोरेशनचं कोणतरी आलंय. एकाच भिंतीचं फोटो काढतंय.’ पाच मिनिटांत सुपरवायझर हजर. त्याने मला बसायला खुर्ची दिली, नारळपाणी मागवलं आणि ती भिंत मंजूर नकाशात कशी आहे हे समजावून सांगितलं. कोपरे जरा मऊच निघाले. नारळपाणी चांगलं होतं.

याच्या पुढची पायरी एक्सेल शीट. आमच्यात शीट न केलेला माणूस मला भेटलेला नाही. उभ्या ओळीत मॉडेलं, आडव्या ओळीत गुण, प्रत्येक गुणाला भारांक, शेवटी बेरीज. ज्याची बेरीज जास्त तो कॅमेरा घ्यायचा, इतकं निष्पक्ष. मग बेरीज येते आणि ती आवडत नाही. अशा वेळी मॉडेल बदलणं हा अप्रामाणिकपणा झाला असता, म्हणून आम्ही भारांक बदलतो. महाराष्ट्रात चार महिने पाऊस. वेदर सीलिंगला पाचच गुण कसे? पंधरा करा. पाऊस पडताना आपण स्वतः घराबाहेर पडत नाही, हा मुद्दा शीटमध्ये मावत नाही. दोन कार्डांची सोय असणाऱ्या कॅमेऱ्याला दहा गुण, कारण एक कार्ड बिघडलं तर? लग्न शूट करणाऱ्याला ही भीती रास्त आहे. नवरी परत वरमाला घालणार नाही. आमच्या कार्डात खंड्या असतो. तो तक्रार करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तारेवर बसलेला असतो.

त्यात मॉडेलांची नावं. सोनीच्या सेव्हनपुढे आर आला तर मेगापिक्सेल जास्त, एस आला तर अंधारात बघणारा, सी आला तर अंगाने लहान. कॅननचा आर सिक्स फुल फ्रेम, आर सेव्हन क्रॉप, आर एट परत फुल फ्रेम आणि आर टेन पुन्हा क्रॉप. स्कॉलरशिपच्या परीक्षेत ही मालिका घालून ‘पुढील पद ओळखा’ म्हटलं असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता.

शीटमध्ये एक रकाना मात्र खरा असतो, तो माउंटचा. बॉडी आणि लेन्स यांचा सांधा प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे कंपनी बदलली की लेन्सा निरुपयोगी. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे लगेच कळेल: बॉडी म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावरची भाडेकरू, आज आहे उद्या नाही, लेन्सा मात्र पागडीवाल्या. त्यांना कोणी हलवू शकत नाही आणि त्यांच्यामुळे जागा विकताही येत नाही. अधूनमधून मालक सगळी चाळच पाडायला काढतो. कॅननने १९८७ मध्ये एकदा पाडली आणि ईएफ माउंट बांधला. २०१८ मध्ये तो सोडून आरएफ आणला. निकॉनची १९५९ पासूनची एफ माउंटची जुनी वास्तू, तिच्या शेजारी २०१८ मध्येच झेडचा टॉवर उभा राहिला. जुन्या रहिवाशांसाठी अडॅप्टर नावाचा ट्रान्झिट कॅम्प असतो. तिथे राहता येतं. पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सा बॉडीतल्या मोटरीवर फोकस करत, त्यांना सुरुवातीपासूनच्या त्या अडॅप्टरवर ऑटोफोकस नाही, हाताने फिरवायचं. कॅम्पात पाणी येतं, लिफ्ट नसते.

कॅमेऱ्याबद्दलचं सगळ्यात नेमकं मार्गदर्शन मला या शीटमध्ये मिळालं नाही आणि दाढीवाल्याकडेही मिळालं नाही. ते भिगवणला मिळालं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी लागतं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे पुण्याचे फोटोग्राफर उतरतात. कुंभारगावच्या काठावर पहाटे नावा लागलेल्या असतात. आमच्या नावाड्याने बांबू पाण्यात टेकवण्याआधी माझ्या गळ्याकडे बघितलं.

‘कितीची हाय?’

‘तीनशे.’

‘क्रॉप का फुल?’

‘क्रॉप.’

‘म्हंजी साडेचारशे धरा. जमतंय.’ मग मागच्या नावेकडे हनुवटी करून हळूच म्हणाला, ‘त्या सायबाची दोनशेच हाय, अन् त्येबी फुल फ्रेम. पानीच लई येनार त्येंच्या फोटूत.’

दुकानात ज्या क्रॉपपायी मान खाली जाते, तोच भिगवणला छाती फुगवतो. सेन्सर लहान म्हणून लेन्स दीडपट लांब असल्यासारखी चालते. फुल फ्रेमवाल्या साहेबांना तेवढीच चौकट मिळवायला साडेचारशेची लेन्स घ्यावी लागेल, आणि ती उचलायला दुसरा साहेब. मी नावाड्याला नव्या मिररलेस कॅमेऱ्यांबद्दल विचारलं. ते कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. दुकानदाराने मला हे जवळजवळ पाणावल्या डोळ्यांनी सांगितलं होतं. नावाडी बांबू ओढत म्हणाला, ‘धरतंय की. समदे हेच सांगत्यात. पर पक्षी हुडकून मीच देतोय न्हवं?’ नंतर थोड्या वेळाने, माझी चुळबुळ बघून: ‘सायेब, हलू नका. तुमी हललं की बोट हलती. बोट हलली की कंपनीचं काय चालत न्हाई.’

मागच्या नावेतून तेवढ्यात मशीनगनसारखा आवाज यायला लागला. थवा उठला होता. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला वीस, तीस, काही तर चाळीस फोटो काढतात. दुकानात हे ऐकताना अंगावर काटा येतो. घरी येऊन ते फोटो निवडायला बसलं की दुसऱ्या कारणाने येतो. एका उड्डाणाचे शेकडो फोटो, आणि सगळ्या फोटोंत पक्ष्याच्या चेहऱ्यावर तोच भाव. कोणता ठेवायचा हे ठरत नाही म्हणून सगळे ठेवायचे, आणि सगळे ठेवायचे म्हणून हार्ड डिस्क घ्यायची. कॅमेऱ्याच्या किमतीत हिची किंमत कोणी धरत नाही.

आमच्या क्लबात एक ज्येष्ठ सभासद आहेत. विषय इथवर आला की ते डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘अरे, कॅमेरा नाही, कॅमेऱ्यामागचा डोळा महत्त्वाचा.’ हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या सगळ्यांच्या गळ्यात माझ्या स्कूटरपेक्षा महाग लेन्स होती. पुढे ते मार्गारेट बर्क-व्हाइटचा दाखला देतात. गांधीजींचा चरख्याशेजारचा तो जगप्रसिद्ध फोटो तिने १९४६ मध्ये काढला, आणि तो आपल्या पुण्यात काढला. तिने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, आधी तिला चरखा चालवायला शिकावं लागलं, मग तीन फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली, त्यातले पहिले दोन वाया गेले. उरलेल्या एकावर काम भागलं. पाठोपाठ होमाई व्यारावाला येतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांना रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिकवर टिपलं. रोलायफ्लेक्सच्या रोलवरही बाराच फोटो. आमच्या क्लिक थ्रीत जायचा तोच १२० चा रोल. ज्येष्ठांचं हे ऐकून सगळे माना डोलावतात, दोन मिनिटं शांत बसतात आणि मग कोणीतरी विचारतं, ‘रोलायफ्लेक्स आता सेकंडहँड केवढ्याला मिळतो हो?’

खरं सांगायचं तर चरखा शिकण्याची आमची तयारी नसते. तिसरा बल्ब मात्र हवा असतो.

एक गोष्ट मी करून बघितली, आणि नवा कॅमेरा घेऊ बघणाऱ्या कोणालाही ती करायला सांगीन. अर्थात घेण्याची इच्छा टिकवायची असेल तर करू नये. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात त्याची सगळी कुंडली असते: तारीख, वेळ, शटर, आयएसओ, लेन्स किती लांबीवर होती ते. कॉम्प्युटरवर सगळे फोटो लांबीप्रमाणे लावता येतात. माझ्याकडच्या १८-५५ च्या किट लेन्सचे लावले. अठराला एक उंच मनोरा, पंचावन्नला दुसरा, मध्ये माळरान. म्हणजे झूम लेन्स घेऊन मी झूम असं करतच नव्हतो. या भिंतीवर आपटायचं नाही तर त्या. ओळखीच्यांचे पाहिले तर त्यांचीही तीच गत. कंपन्या मधल्या लांब्या कोणासाठी बनवतात, देव जाणे.

मग वेळेप्रमाणे लावले. बायको शेजारी येऊन बसली होती. ती पडद्याकडे बघत म्हणाली, ‘हे सगळे घरात काढलेले दिसतायत.’

‘हो. घरातलेच जास्त आहेत.’

‘आणि रात्री.’

‘ऑफिसातून आल्यावर काढतो ना. म्हणून तर नॉइज येतो. नव्या कॅमेऱ्याला आयएसओ बारा हजारलासुद्धा—’

‘अरे, मग ट्यूब लाव ना.’

इतक्या वर्षांत हा उपाय कुठल्याही परीक्षणात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने हॉलमधली मिणमिणती ट्यूब काढून एलईडीची नवी लावून घेतली. नॉइज निम्म्यावर आला. माझ्या शीटमध्ये ट्यूबसाठी ओळ नव्हती, ती घालावी लागली, आणि किमतीच्या रकान्यात तिचे गुण इतके वाढले की तिच्यापुढे फुल फ्रेमची एकही बॉडी टिकेना. मी ती ओळ लपवून ठेवली.

घरातल्या वाटाघाटींत आकड्यांचा उपयोग होत नाही, हे मला जीएसटीच्या वेळी कळलं होतं. २०१९ च्या १ जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा टक्के वाचतायत, असं मी तिला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ‘नाही घेतलास तर शंभर वाचतील.’ तिचा खरा आक्षेप पैशांवर नाही, डब्यांवर आहे. पावसाळ्यात दमट हवेने लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, आणि एकदा धरली की साफसफाईचं बिल लेन्सला लाजवतं. म्हणून लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायच्या. पैसेवाले लोक ड्राय कॅबिनेट घेतात, त्यात आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर राखता येते. बाकीच्यांच्या घरी दिवाळीच्या तोंडावर चकल्या ठेवायला डबा सापडत नाही. तो कपाटात असतो. त्यात सत्तर-तीनशे असते.

तर कॅमेरा कोणी बदलावा, याचं माझं मत आता बरंच साधं आहे. ज्याची मुलं पळतात, ज्याचे पक्षी उडतात किंवा ज्याच्या घरची भरतनाट्यम करते, त्याला नव्या ऑटोफोकसचा खराच उपयोग होतो. त्याने खुशाल घ्यावा. देवळं, डोंगर आणि कासची फुलं टिपणाऱ्याला जुना कॅमेरा आणि एक बरी लेन्स जन्मभर पुरेल, कारण फुलं कुठे पळत नाहीत. वारीत दिवे घाटात उभं राहणाऱ्याला सगळ्यांत आधी चांगले बूट हवेत. आणि ज्याला हे सगळं कळून-सवरूनही घ्यावासा वाटतो, त्याने घ्यावा. तो ऐकणार नाहीच.

मी त्यातला शेवटचा. पितृपक्षातल्याच एका दुपारी दुकानदाराने तीन मिररलेस बॉड्या माझ्यापुढे मांडल्या. पहिली शीटमधली अव्वल. हातात घेतली, बोटं वळवली, आणि करंगळी खाली हवेत लोंबकळत राहिली. मिररलेस करताना कंपन्यांनी आरसा काढला, बॉडी आखूड केली. त्या कमी झालेल्या उंचीत माझी करंगळी बेघर झाली. दुसऱ्या बॉडीतही तेच. तिसरी शीटमध्ये पाचवी होती. तिची पकड खोल, खाली जराशी जास्त. चारही बोटं जाऊन नेमकी बसली, अंगठा मागच्या उंचवट्यावर टेकला आणि शटरचं बटण तर्जनीखाली आपोआप आलं. डायनॅमिक रेंज, मेगापिक्सेल, दोन कार्ड, वेदर सीलिंग सगळं एका क्षणात गळून पडलं. दुकानदाराने माझा चेहरा वाचला. तो म्हणाला, ‘बसला ना? आता घरी जाऊन कारणं शोधा.’ त्या रात्री शीटमध्ये ‘हाताळणी’ असा एक नवा रकाना आला. भारांक चाळीस.

घेतला दसऱ्यालाच, रांगेत उभं राहून. घरी आईने पाटावर मांडला, सोन्याची पानं ठेवली, झेंडूचा हार घातला. हळदकुंकवाची चिमूट व्ह्यूफाइंडरच्या दिशेने निघालेली बघून माझा श्वास अडकला. ‘आई, काचेला नको, झाकणाला वाहा.’ आईने झाकणाला वाहिली, आणि दुसरी चिमूट, मी नको म्हणायच्या आत, फ्लॅशच्या खाचेत. ती खाच अजून पिवळी आहे.

नवा कॅमेरा आल्याची बातमी नातेवाइकांत पसरायला दोन दिवस लागले नाहीत. एक मुंज, एक डोहाळजेवण आणि एका चुलतमामांचा पंचाहत्तरीचा सोहळा, असं लगेच ठरलं. फोटोग्राफर सांगायची आता गरज नाही, हे सगळ्यांनी आपापसात परस्पर ठरवलं. मुंजीत मी मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत गुडघ्यांवर होतो. कुठल्याही फोटोत मी नाही. पंगत उठेपर्यंत ‘फोटो कधी पाठवतोस?’ आठ जणांनी विचारलं, जेवलास का ते आचाऱ्याने.

जुना कॅमेरा विकायचा की नाही, हा प्रश्न उरला होता. विकणाऱ्याला त्याची जी किंमत वाटते आणि घेणाऱ्याला जी वाटते, त्यांत एक चांगली लेन्स बसते. शेवटी म्हटलं, घरातच राहू दे. भाचा अकरावीत गेला आहे, हल्ली फोनवर फोटो काढत असतो, त्याला द्यावा. तो आला तेव्हा मी बॅग, चार्जर, जादा बॅटरी, किट लेन्स असा सगळा सरंजाम टेबलावर मांडला. त्याने कॅमेरा उचलला, लेन्स सराईतपणे काढली, आत डोकावला.

‘मामा, यात मिरर आहे?’

‘आहे ना.’

‘आणि सेन्सर क्रॉप आहे?’

‘हो, पण भिगवणला—’

त्याने लेन्स परत लावली, झाकण घातलं, कॅमेरा दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवला. मुलगा संस्कारी आहे.

‘राहू दे, मामा,’ तो म्हणाला. ‘मी दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबतो.’